भावना दुखावल्या म्हणून दहा वर्षं?

मुग्धा : काल प्रदीपदादांनी लिहिलं की धर्माचा अपमान करणाऱ्याला तीन वर्षं फार कमी, भारतीय न्याय संहितेचं कलम २९९ कडक करून दहा करा, कारण धर्मस्वातंत्र्य हा मानवी हक्क आहे. वाचून डोकं तापलं.
दादा, वारी करायचा, नमाज पढायचा, धर्म सोडायचासुद्धा हक्क तुम्हाला आहे. पण दुसऱ्यानं तुमच्या देवाबद्दल वावगं बोलूच नये, हा हक्क त्यात येत नाही. बोलण्याच्या स्वातंत्र्यावर कोणत्या कारणांनी बंधनं घालता येतात, ते घटनेच्या १९(२)मध्ये दिलंय. त्यात सुव्यवस्था, सभ्यता, अब्रुनुकसानी, चिथावणी सगळं आहे. ‘धार्मिक भावना’ दाखवा. संयुक्त राष्ट्रांच्या मानवी हक्क समितीनं २०११ मध्येच सांगितलंय की ईशनिंदेचे कायदे नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराशी विसंगत आहेत.
माझ्या मावसभावानं व्हॉट्सॲपला स्टेटस ठेवलं. चोवीस तासांत आपोआप गेलं असतं, त्याआधीच याच कलमाखाली पोलीस दारात. पाच दिवस आत, बी.कॉम.चे दोन पेपर बुडाले. खटला चालवायला सरकारची मंजुरी लागते, ती अजून नाही. अटकेला कुठे लागते? मावशीनं त्याचं हॉलतिकीट देव्हाऱ्यात ठेवलंय.

प्रदीप : मुलाबद्दल वाईट वाटलं. पण १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात पाच न्यायमूर्तींनी हेच कलम (तेव्हाचं २९५अ) सुव्यवस्थेच्या आधारे वैध ठरवलं, तेही बुद्धिपुरस्सर आणि दुष्ट हेतूनं केलेल्या अपमानापुरतं. युरोपचं काय? ख्रिस्ती धर्माची टिंगल करणाऱ्या चित्रपटाची ऑस्ट्रियातली जप्ती स्ट्रासबर्गच्या युरोपीय मानवी हक्क न्यायालयानं १९९४ मध्ये मान्य केली. कायदा नसला की लोक सुरा काढतात. लाहोरचे प्रकाशक राजपाल आठवा, पैगंबरांवरचं पुस्तक छापलं म्हणून त्यांचा खून झाला.

मुग्धा : त्या पुस्तकाच्या खटल्यातून राजपाल सुटले म्हणून १९२७ मध्ये हे कलम आणलं. त्यांचा खून १९२९ मध्ये झाला. कायदा होताच की!

श्रीधर : तुमचं कलम राहू द्या, भोंग्यांचं बोला. वडील ऑक्सिजनवर. खिडकीच्या काचेवर तळवा ठेवला की थरथर कोपरापर्यंत येते. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा. मंडळाच्या पोरांना सांगायला गेलो तर म्हणाले, ‘काका, भावना दुखावताय, गुन्हा दाखल करू.’

प्रदीप : सणाचे चार दिवस सोसायला काय होतं? बाकी वर्षभर पहाटे कोण वाजवतं, ते बोला ना.

शकील : माझ्याकडे बघून बोलताय, तर ऐका. आमच्या मशिदीचा भोंगा खाली आणायला मीच भांडलो. चार महिने लोक सलामाला उत्तर देत नव्हते.

श्रीधर : शकीलभाई, तुम्ही भांडलात. आमच्या सोसायटीत माझ्या बाजूनं एक जण उभा राहिला नाही. चार दिवस म्हणणाऱ्यांनी वडिलांच्या उशाशी एक रात्र बसून दाखवावं.

वैशाली : मुंबई उच्च न्यायालयानं जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय, ध्वनिक्षेपक कुठल्याच धर्माचा आवश्यक भाग नाही. आता भोंगे पुरे. मी वकिली करते. सात वर्षांपर्यंतच्या गुन्ह्यात सरसकट अटक करायची नाही, कारण नसेल तर आधी नोटीस द्यायची, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये बजावलंय. पोलीस पाळत नाहीत ही रड आहेच. प्रदीप, दहा वर्षं केलीत तर बोट ठेवायला तो नियमही उरणार नाही.

शकील : मुग्धाताई, तुमचंही अर्धंच. देवाचं सोडा, माणसाचं बोला. ‘यांना घर देऊ नका’ हा मेसेज आमच्या गल्लीपर्यंत आला. त्यात अल्लाहचा अपमान नाही, पण माझी मुलगी वर्गात एकटी बसायला लागली. तुम्ही सांगितलेल्या हक्कांच्या त्याच कराराचं कलम २० द्वेषाच्या अशा चिथावणीला बंदी घालायला सांगतं. त्यावर तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत.

मुग्धा : नाही काढलं. चुकलंच. पण तो कायदा तुमच्या मुलीसाठी असावा, देवासाठी नाही, एवढंच माझं म्हणणं.

प्रदीप : माझे वडील आयुष्यभर माळकरी. त्यांच्या माळेवरून भर बाजारात घाण बोललेलं मी ऐकलंय. ते खाली मान घालून घरी आले, जेवले नाहीत. तो अपमान देवाचा की माणसाचा, सांगा.

मुग्धा : त्यांचा. आणि त्यासाठी मी तुमच्या बाजूनं उभी राहीन.

प्रदीप : ठीक. दहा वर्षांचा हट्ट सोडतो, वैशालीताईंच्या मुद्द्यामुळे, तुमच्या नव्हे. कलम मात्र राहिलंच पाहिजे. मुलाचे पेपर पुन्हा कधी आहेत?