वाडीवरचा धक्का: दुरुस्ती की मोडायचा?

सुधीर: वाडीवर आलो. कन्हान नदीत पाय सोडून बसायच्या धक्क्याचे पाण्यातले दोन्ही सिमेंटचे खांब कललेत, फळ्या मधून उघडल्यात. फोटो टाकले, पाहा. मिस्त्री म्हणते, बुडाशी गोल काँक्रीट ओतून देतो, विषय खतम.

मीना वहिनी: आणि पुढच्या श्रावणात पुन्हा हेच फोटो 😄

बाळकाका: सुधीर, मिस्त्रीला थांबव. खांब कोणीकडे कलले?

सुधीर: वरच्या अंगाला काका, पाणी येते तिकडं. मलेही समजून नाही राहिलं. पाणी तर खाली ढकलते ना?

बाळकाका: यात नवल नाही. पुराचं पाणी खांबावर आपटलं की त्याच्याच अंगानं खाली वळते आणि बुडाची रेती उकरते. सगळ्यात आधी समोरची, म्हणजे वरच्या अंगाची. खांब त्या खड्ड्याकडे झुकते. पूर ओसरता ओसरता नदीच तो खड्डा रेतीनं बुजवून टाकते, म्हणून वरून सगळं ठीकठाक दिसते. एक सळई घे, खांबाला लागून खुपस. मग थोडी दूर खुपसून पाहा.

सुधीर: पाहिलं. खांबापाशी सळई लोण्यात गेल्यासारखी गेली. दूर हातभरावरच अडली.

बाळकाका: आता तिथं काँक्रीटचा गोळा केला तर अडथळा अजून जाड, खड्डा अजून मोठा. पाटबंधारे खात्यात हे समजावता समजावता माझे केस गेले. ठेवायचेच असतील तर बुडाशी लहानमोठे सुटे दगड भर, रेतीच्या पातळीपर्यंतच. वर ढीग केला की तोही अडथळाच. पण माझं मत विचारशील तर पाण्यातले खांब काढूनच टाक. आपली वाडी बीना संगमाच्या खाली. पेंचचं पाणी तिथंच कन्हानला मिळते. पेंचवरच्या तोतलाडोह धरणाचे दरवाजे उघडले की इथं पाऊस नसतानाही नदी चढते. ऑगस्ट 2020 चा पूर विसरले का सगळे?

अमोल (मिनेसोटा): काका बरोबर बोलून राहिले. इकडे तळ्यांवर लोक थंडीआधी धक्के ओढून काठावर ठेवतात, नाहीतर बर्फ खांबच उपटून टाकते. आपल्याकडे बर्फाच्या जागी पूर.

मीना वहिनी: अमोल, तिकडं रात्रीचे दोन वाजले असतील. झोप.

सुमनआत्या: लेकरांना पाण्यात पाय सोडून बसता यावं, एवढंच पाहा बाबा.

बाळकाका: बसतील ताई. तरंगता करू. 200 लिटरचे सहा बंद ड्रम, वर लोखंडी चौकट आणि फळ्या. ड्रम पूर्ण बुडला तर साधारण 190 किलो पेलते, पण आपण निम्माच हिशोब धरू. चौकट-फळ्यांचं वजन वजा जाता चार जण आरामात. दोर ढिला ठेवायचा बरं, ताणून बांधला आणि पाणी चढलं तर धक्काच खाली ओढला जाते. जून लागायच्या आत काठावर, उंचावर.

सुधीर: काठावर बसायला एक पक्की खोली पण बांधू का मग? मिस्त्री आहेच इथं.

बाळकाका: खोलीचं नाव काढू नको. सातबारा आपला, नदीचं पात्र सरकारचं. आणि निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम चालत नाही. निळी म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या. आपल्या पट्ट्यात रेषा कुठून जाते ते आधी जलसंपदाच्या ऑफिसात विचार. तरंगत्या धक्क्याचंही तिथंच विचारून घे.

मीना वहिनी: खोली नकोच. 23 सप्टेंबर 2023 ला नागपुरात अंबाझरी तलावाचं पाणी आमच्या बेडरूमात होतं. नदीची जागा नदीलाच राहू द्या.

सुधीर: बरं. मिस्त्रीला चौकटीचं माप देतो. ड्रम कोणाच्या ओळखीत आहेत का?

बाळकाका: आत काय होतं ते विचारूनच घे. केमिकलचे ड्रम नदीत नको.

मीना वहिनी: आमच्या गल्लीतल्या तेलवाल्याकडे पाहिलेत. संध्याकाळी विचारून सांगते.