पर्यटक थांबले तेव्हा मसाई माराच्या जमिनीचे भाडे कोणी भरायचे?

पाऊलवाट (धागा सुरू करणारा)

ऑगस्ट 2019 मध्ये आम्ही पुण्याहून सहा जण केनियातील मसाई माराला गेलो होतो. आमचा मुक्काम मुख्य अभयारण्यात नव्हता, त्याला लागून असलेल्या एका कॉन्झर्व्हन्सीत, म्हणजे स्थानिकांनी वन्यजीवांसाठी मोकळ्या ठेवलेल्या जमिनीवर, होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चित्ता पाहून झाल्यावर आमच्या मसाई गाइडने गाडी थांबवली, दूरच्या एका बाभळीकडे बोट दाखवले आणि सांगितले, "त्या झाडापासून खालच्या ओढ्यापर्यंतची जमीन माझ्या वडिलांची आहे. तुम्हाला इथे चित्ता दिसला, कारण आम्ही इथे कुंपण घातलेले नाही."

त्या वाक्याचा अर्थ मला परत आल्यावर नीट कळला. माराच्या उत्तरेकडील सामूहिक कुरणांची वाटणी होऊन काही ठिकाणी एकेका कुटुंबाच्या वाट्याला सुमारे 150 एकर जमीन आली. ही जमीन एकत्र करून तिचे मालक ती पर्यटक-कॅम्पना भाडेपट्ट्याने देतात, तिथे शेती करत नाहीत, तारेचे कुंपण घालत नाहीत, गुरे चारण्यावर मर्यादा पाळतात आणि त्या बदल्यात त्यांच्या खात्यावर ठरलेले भाडे जमा होते. मारा परिसरात असे सुमारे 14,500 जमीनमालक आहेत. केनियातील निम्म्याहून अधिक वन्यप्राणी राष्ट्रीय उद्यानांच्या बाहेर राहतात, त्यामुळे हे भाडे थांबले तर गव्हाची शेती आणि कुंपण हेच मालकापुढचे पर्याय उरतात.

कोविडच्या साथीमुळे 25 मार्च 2020 रोजी केनियाने आंतरराष्ट्रीय प्रवासी विमाने बंद केली आणि ती 1 ऑगस्टपर्यंत बंदच राहिली. 2019 मध्ये 20 लाखांहून अधिक परदेशी पाहुणे आलेल्या या देशात 2020 मध्ये 6 लाखसुद्धा आले नाहीत. कॅम्प ओस पडले, भाड्यात कपात करावी लागली, पगार निम्म्यावर आले. आमची जुलै 2020 ची दुसरी सहल रद्द झाली, तेव्हा आम्ही अनामत रक्कम परत मिळवण्यासाठी प्रवास कंपनीशी दोन महिने भांडत होतो. ते पैसे आमच्या हक्काचे होते, हे मी आजही म्हणतो, पण त्या दोन महिन्यांत त्या बाभळीखालच्या जमिनीचे भाडे कोण भरत असेल, हा प्रश्न आमच्यापैकी एकाच्याही मनात आला नाही, याचे मला वाईट वाटते.

माझे मत असे आहे की ज्यांनी त्या जमिनीवर उभे राहून प्राणी पाहिले, त्यांनी पर्यटन कोसळले असतानाही यथाशक्ती मदत चालू ठेवली पाहिजे, आणि ती मदत आधी जमिनीच्या भाड्याला व रेंजरांच्या पगाराला गेली पाहिजे. भाडे म्हणजे भीक नव्हे. कुंपण न घालण्याची ती किंमत आहे.

माळरान

आपल्या भावनेविषयी आदर बाळगून मी याला विरोध नोंदवतो. ज्या समाजाचे पोटपाणी शेकडो वर्षे गुरांवर चालले, त्याला आपण विमानांच्या वेळापत्रकाला बांधून टाकले, आणि विमाने थांबल्यावर आता देणग्या गोळा करून तीच बांधणी टिकवायला निघालो आहोत. 2020 मध्ये केनियातील अनेक गुरांचे बाजारही बंद होते, हे आपल्या लेखात आलेले नाही. मसाई माणसाची खरी बचत गोठ्यात असते. अडचणीच्या वेळी ती विकायला बाजार नसेल, तर खात्यावर येणाऱ्या भाड्याचे महत्त्व आपोआप वाढते. म्हणून मदत करायचीच असेल तर ती लसीकरणाला, चाऱ्याला आणि गुरांच्या बाजाराला करावी.

दुसरा मुद्दा अधिक गंभीर आहे. वन्यजीवांच्या नावाने आफ्रिकेत जमिनी गेल्या आहेत आणि आजही जात आहेत. टांझानियातील लोलिओंडो येथे जून 2022 मध्ये सुमारे 1,500 चौरस किलोमीटर चराऊ जमिनीवर सरकारने हद्दीचे खांब रोवले, तेव्हा मसाई लोकांवर गोळीबार झाला आणि शेकडो कुटुंबे सीमा ओलांडून केनियात गेली. उत्तर केनियातही इसिओलो येथील न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये दोन कॉन्झर्व्हन्सी बेकायदा ठरवल्या, कारण त्या स्थापन करताना स्थानिकांना नीट विचारलेच गेले नव्हते. आपण पुण्यात बसून पाठवलेला रुपया यांपैकी कोणत्या व्यवस्थेला बळ देतो, हे आपल्याला कसे कळणार?

शिवाय पर्यटक नसले की शिकार बोकाळते, असे तेव्हा सर्वत्र सांगितले गेले. दक्षिण आफ्रिकेत 2019 मध्ये 594 गेंडे मारले गेले होते आणि 2020 मध्ये 394. केनियात तर 2020 मध्ये एकाही गेंड्याची शिकार झाली नाही. भीती दाखवून मागितलेल्या देणगीवर माझा विश्वास बसत नाही.

रानवाटा

माळरान, आकडे बरोबर आहेत, पण त्यांचा अर्थ वेगळा आहे. गेंड्याच्या शिंगाचा व्यापार संघटित टोळ्यांचा असतो, त्याला विमाने, बंदरे आणि मोकळे रस्ते लागतात. टाळेबंदीत तेच बंद होते, म्हणून आकडा खाली आला, आणि 2021 मध्ये दक्षिण आफ्रिकेत तो पुन्हा 451 वर गेला. केनियातील गेंडे वाचले, त्यामागे टाळेबंदीबरोबर पहाराही होता, आणि पहारेकऱ्यांचे पगार सरकार व देणगीदार यांनी मिळून चालू ठेवले होते.

भुकेपोटी होणारी शिकार मात्र वेगळी असते. युगांडातील ब्विंडीच्या जंगलात जून 2020 मध्ये राफिकी नावाचा गोरिला मारला गेला. तो सतरा जणांच्या कळपाचा प्रमुख होता. ज्याने त्याला भाल्याने मारले, तो मांसासाठी लहान जनावरांच्या मागावर गेला होता आणि गोरिला अंगावर आल्यावर आपण स्वतःला वाचवले, असे त्याने सांगितले. त्याला अकरा वर्षांची शिक्षा झाली. युगांडात गोरिला पाहण्याच्या प्रत्येक परवान्यातून ठरावीक रक्कम आसपासच्या गावांना मिळते, आणि त्या काळात परवाने विकलेच जात नव्हते. एकाच घटनेवरून मी कारणाची साखळी सिद्ध झाली, असे म्हणणार नाही. परंतु गावात रोख पैसा संपल्यावर जंगलावरचा ताण वाढतो, हे आपण आपल्या जंगलांच्या कडेलाही पाहत आलो आहोत.

नैरोबीहून

मी नोकरीनिमित्त बारा वर्षे नैरोबीत आहे. सप्टेंबर 2020 मध्ये आम्ही दोन मराठी कुटुंबे गाडीने माराला गेलो होतो, कारण स्थानिक रहिवाशांसाठी कॅम्पनी दर बरेच उतरवले होते. अभयारण्याच्या वेशीजवळच्या तालेक गावात मण्यांचे दागिने विकणाऱ्या बायका एरवी गाडीभोवती गर्दी करतात. त्या दिवशी एकच जण पुढे आली. तिने बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडून दाखवला, त्यात तारेत ओवलेल्या बांगड्या काठोकाठ भरलेल्या होत्या, निळ्या-पांढऱ्या, नारिंगी, काही अर्ध्याच ओवलेल्या. मणी तिने दुकानदाराकडून उधारीवर आणले होते, आणि ती उधारी फिटेपर्यंत तो नवे मणी देणार नव्हता.

हे सांगण्याचे कारण असे की पाऊलवाट यांच्या मांडणीत एक मोठी जागा रिकामी आहे. जमिनीच्या कागदावर नाव बहुतेक ठिकाणी पुरुषाचे असते. आपल्याकडे सातबाऱ्यावर असते तसेच. त्यामुळे भाडे त्याच्या खात्यावर किंवा एम-पेसा या मोबाईल सेवेने त्याच्या फोनवर येते. बाईचा स्वतःचा पैसा येतो तो या मण्यांतून, कॅम्पमधल्या धुण्यातून आणि स्वयंपाकातून, आणि पर्यटन थांबल्यावर तो पूर्णपणे थांबतो, निम्म्यावरसुद्धा राहत नाही. भाडे चालू ठेवले म्हणजे समाज सावरला, असे मानले तर त्या पत्र्याच्या डब्याला त्या हिशेबात जागाच मिळत नाही. भाडे चालू राहावे, याला माझा पाठिंबा आहे, पण मदतीचा एक ठरावीक वाटा बायकांच्या बचत गटांना गेलाच पाहिजे, असा आग्रह देणाऱ्यांनी धरावा.

सरकारने काही केले नाही, असा समज होऊ नये, म्हणून हेही नोंदवतो. मे 2020 च्या मदत योजनेत केनिया सरकारने 5,500 सामुदायिक रक्षकांसाठी एक अब्ज आणि 160 कॉन्झर्व्हन्सींसाठी आणखी एक अब्ज शिलिंग जाहीर केले होते.

ताडोबाचा शेजारी

मी चंद्रपूरचा आहे. मार्च 2020 मध्ये ताडोबा बंद झाले, तेव्हा मोहर्लीतल्या जिप्सी ताडपत्रीखाली उभ्या होत्या, त्यांचे हप्ते चालूच होते, आणि वाघ दाखवणारी मुले दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला जात होती. पुण्या-मुंबईच्या ज्या पाहुण्यांनी त्यांच्याबरोबर दहा-दहा सफारी केल्या होत्या, त्यांपैकी किती जणांनी साधा फोन करून विचारपूस केली? ज्याला घराजवळची चूल दिसत नाही, त्याने समुद्रापलीकडच्या चुलीची काळजी वाहावी, हे मला पटत नाही. परदेशी संस्थेला थेट दिलेल्या देणगीवर आपल्याला प्राप्तिकरात सवलत मिळत नाही, हाही व्यवहाराचा भाग आहेच.

पाऊलवाट

आपला राग रास्त आहे आणि तो मला लागू होतो. मीही मोहर्लीत राहिलो आहे आणि मीही फोन केलेला नाही. तरीही अंतराच्या कसोटीवर मी सहमत नाही. मी ज्याच्या जमिनीवर गेलो त्याच्याशी माझा व्यवहार झालेला आहे, मग ती मोहर्ली असो की मारा. माझा आक्षेप तिथे कधी न गेलेल्या माणसावर नाही, गेलेल्यांवर आहे.

नैरोबीहून यांचा मुद्दा मात्र मला पूर्ण मान्य आहे. जमीन म्हणजे कुटुंब, असे मी गृहीत धरले होते, ते चूक होते.

हिशेबनीस

मी एका धर्मादाय संस्थेचे हिशेब तपासतो, म्हणून व्यवहाराची बाजू मांडतो. संकटातल्या देणग्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत येतात आणि मग आटतात, हा आमचा नेहमीचा अनुभव आहे. भाडे मात्र वर्षभर द्यायचे असते. त्यामुळे पाऊलवाट यांची मागणी योग्य असली तरी केवळ देणगीच्या भरवशावर ती पूर्ण होणार नाही. 2020 च्या अखेरीस मारासाठी एक वेगळा मार्ग काढला गेला. आफ्रिकन कॉन्झर्व्हन्सीज फंड या निधीतून कॉन्झर्व्हन्सींना परवडणाऱ्या अटींवर कर्ज देण्यात आले, जेणेकरून मालकांचे भाडे चुकू नये आणि पर्यटक परतल्यावर ती रक्कम फेडता यावी. मला हा मार्ग देणगीपेक्षा अधिक सन्मानाचा वाटतो, कारण त्यात जमीनमालक हा याचक ठरत नाही, तो करारातला एक पक्षच राहतो. धोका एवढाच की पर्यटन लवकर सावरले नाही, तर कर्जाचे ओझे पुढच्या वर्षांच्या भाड्यावर पडते.

त्याहून चांगले म्हणजे चांगल्या वर्षांतच गंगाजळी उभी करणे. प्रत्येक मुक्कामाच्या बिलातून थोडी रक्कम वेगळी काढून ती मालकांच्या प्रतिनिधींच्या सहीशिवाय हलणार नाही, अशी तजवीज करता येते.

माळरान

गंगाजळीला माझा विरोध नाही, फक्त ती पर्यटनाबाहेरही गुंतवली जावी आणि सही खरोखर मालकांची असावी. एकदा करार केल्यावर पंधरा-पंधरा वर्षे बाहेर पडता येत नसेल, तर त्या सहीला अर्थ राहत नाही. देणगी देणाऱ्याने संस्थेला पहिला प्रश्न विचारावा तो हाच: कराराची प्रत मालकाकडे त्याच्या भाषेत आहे का, आणि त्याला नको असेल तर तो कधी बाहेर पडू शकतो? या प्रश्नाचे सरळ उत्तर देणारी संस्था दाखवा, मीही पैसे पाठवीन.

पाऊलवाट

हा प्रश्न मी आमच्या गाइडलाच आज विचारला. कराराची प्रत वडिलांच्या पेटीत आहे, पण ती इंग्रजीत आहे आणि त्यानेच ती त्यांना मसाईंच्या मा भाषेत वाचून दाखवली होती, असे त्याने कळवले. 2020 मध्ये भाडे कमी झाल्यावर वडिलांनी दोन गायी पडत्या भावाने विकल्या आणि जमीन मोकळी ठेवली. ओढ्यापलीकडच्या शेजाऱ्याचा करार त्याच सुमारास संपत होता. त्याने तो पुन्हा केला नाही, तार आणली आणि कुंपण घातले. पर्यटक परत आले, भाडे पूर्ववत झाले, पण ती तार अजून तिथेच आहे आणि विल्डबीस्ट हरणांचे कळप आता तिला वळसा घालून जातात.