सरकारी पैशातून झालेलं दातांचं काम त्रयस्थाकडून तपासून घ्यायचंय, नेमकं काय बघायचं?

सुदामानगर_इंदूर
नमस्कार मंडळी. इंदुरात सार्वजनिक निधीतून वर्षभरात सुमारे ४०० जणांचे दंतोपचार झाले: रूट कॅनाल, किडलेल्या दातात सिमेंट, शाळेतल्या मुलांना सीलंट (दाढेच्या खाचा बुजवणारा पातळ थर), ज्येष्ठांना कवळ्या. दवाखान्यांना पैसे नगावर मिळतात. पुढचा हप्ता सोडण्याआधी समितीला काम तपासून घ्यायचं आहे. आजवर फक्त बिल आणि रुग्णाची सही बघितली जाते. समितीत दंतवैद्य कुणी नाही. किती रुग्ण बोलवावेत, तपासायला कोण असावं आणि तोंडात काय बघावं?

दंतवैद्य_राजवाडा
ताई, सहीवरून रुग्ण आला होता एवढंच कळतं. दाढेत काय भरलं ते तोंड उघडल्याशिवाय कळत नाही.

नावं तुम्हीच काढा, आणि ज्या रजिस्टरावरून पैसे दिलेत त्याच रजिस्टरातून, चिठ्ठ्या टाकून. दवाखान्याकडे यादी मागितली की निवडक चांगली कामंच पुढे येतात.

सिमेंट बघताना प्रोबचं (बारीक अणकुचीदार हत्याराचं) टोक दात आणि सिमेंटच्या सांध्यावरून फिरवायचं. टोक अडकलं तर तिथे फट आहे किंवा सिमेंट बाहेर आलंय. दोन दाढांमधून फ्लॉस (दातांचा दोरा) ओढायचा. तो फाटला तर कड खरखरीत, अलगद सरकला तर संपर्क सुटलाय आणि तिथे अन्न अडकणार. मग चावल्यावर दातावर रंग उमटवणारा निळा कागद चावायला द्या. भरलेल्या जागी एकच गडद ठिपका उमटला तर सिमेंट उंच राहिलंय. ग्लास आयनोमर (पावडर आणि द्रव कालवून करायचं सिमेंट) लवकर निघालं असेल तर बहुधा पावडर कमी घेऊन पातळ कालवलेलं असतं, नाहीतर घट्ट व्हायच्या आत लाळ लागलेली असते.

रूट कॅनालला आधीचा आणि नंतरचा, दोन्ही एक्स-रे हवेत. भरण मुळाच्या टोकापासून २ मिमीच्या आत संपावं, टोकाबाहेर जाऊ नये, मध्ये काळी पोकळी दिसू नये. खालच्या पहिल्या दाढेच्या पुढच्या मुळात दोन कॅनाल (मुळातल्या नळ्या) एकामागे एक येतात, सरळ एक्स-रेत ते एकच दिसतात. म्हणून एक्स-रे यंत्राची नळी थोडी तिरकी धरून काढलेला एक्स-रे मागा. दाढेवर कॅप किंवा पक्कं भरण आहे का तेही लिहा. कच्चं, म्हणजे तात्पुरतं सिमेंट ठेवून बिल लावलेलं असेल तर लाळ झिरपून सगळं काम वाया जातं.

आकडेमोड_वडोदरा
संख्येबद्दल. एका दवाखान्याचे २० रुग्ण तपासले आणि वीसही चांगले निघाले, तरी त्या दवाखान्यातलं खराब कामाचं खरं प्रमाण १४-१५ टक्क्यांपर्यंत असू शकतं. ६० पैकी ६० चांगले निघाले तर ते ५ टक्क्यांच्या आत. त्यामुळे ‘प्रत्येक दवाखान्याचे सरसकट १० टक्के रुग्ण तपासा’ हा नियम छोट्या दवाखान्याला निरुपयोगी आहे.

न आलेल्यांना ‘ठीक’ धरू नका. तीन फोन, मग घरी जाणं, तरी नाही तर वेगळ्या रकान्यात. ज्यांचं काम बिघडलं ते बहुधा दुसरीकडे गेलेले असतात, म्हणून हा रकाना फार महत्त्वाचा.

तपासणारे दोघे असावेत आणि काम कुणी केलंय ते त्यांना ठाऊक नसावं. दहातला एक रुग्ण दोघांनीही स्वतंत्रपणे बघावा. ८५ टक्क्यांहून कमी जुळलं तर आधी दोघांना एकत्र बसवून निकष पक्के करून घ्या. इंदूरचं शासकीय दंत महाविद्यालय १९६१ पासूनचं आहे, पण उपचार करणारे तिथलेच विद्यार्थी असतील तर तपासणारे अहमदाबाद किंवा मुंबईहून बोलवा.

कवळीवाला_ग्वाल्हेर
कवळीचं सांगतो. पहिला प्रश्न: ती तोंडात आहे की डबीत? महिन्याभराने बोलवा आणि जेवताना लावता का विचारा. कडक शेव चावता येते का, हेही विचारा. वरच्या कवळीचे पुढचे दात अलगद बाहेर ओढले की ती सुटू नये. जीभ वर नेली की खालची उचलली जाऊ नये. नाकाच्या टोकावर आणि हनुवटीवर ठिपका द्या, जबडा सैल असताना आणि दात मिटल्यावर अंतर मोजा. फरक २ ते ४ मिमी हवा. फरकच नसेल तर बोलताना दात वाजतात, हिरड्या ठणकतात आणि माणूस कवळी काढून ठेवतो.

सीलंट सहा महिन्यांनी बघा. हवा मारून दाढ कोरडी करा, मग खाचेतून प्रोब फिरवा. अर्धवट निघालेलं असेल तर सीलंट चिकटावं म्हणून ॲसिड लावून दाढ पांढुरकी केल्यावर तिला लाळ लागली असावी. मूल लहान, मदतनीस नाही, कापूस वेळेवर बदलला नाही, की हेच होतं.

सुदामानगर_इंदूर
खूप आभार. एक्स-रे तपासणीच्या वेळी नव्याने काढायचे का?

दंतवैद्य_राजवाडा
नाही. फक्त तपासणीसाठी रुग्णाला किरण देऊ नयेत. दुखतंय, सूज आहे, पू येतोय तरच, आणि तेव्हाही रुग्णाच्या उपचारासाठी. दवाखान्याकडून मूळ डिजिटल फाइल मागा, मोबाइलवर काढलेला फोटो नको. फायली शेजारी शेजारी ठेवून बघा: एकच एक्स-रे दोन नावांवर, किंवा उलटा करून डावीची उजवी दाढ केलेला, असं सापडतं. शेजारच्या दातातलं जुनं भरण आणि हाडाची जाळी जुळली की लगेच ओळखू येतं.

आणि शेरा लिहिण्याआधी दवाखान्याला नोंद दाखवून लेखी उत्तर घ्या. कधी रुग्णच अर्ध्यात थांबलेला असतो, ते केसपेपरवर दिसेल. काम खरंच कच्चं असेल तर ते पुन्हा विनामूल्य करून द्यायची मुदत करारातच घाला, आणि रुग्णाला नको असेल तर दुसऱ्या दवाखान्यात करून घ्यायची सोयही.