जांभ्याच्या जमिनीत गुलमोहर: खड्डा, अंतर, पावसातली पडझड

माडवाला: डिचोलीत घरापुढची जागा जांभ्याची. ओसरीवर दुपारचं ऊन येतं, म्हणून भरभर वाढणारा गुलमोहर लावायचा विचार आहे. समोर १५ फूट मोकळे, मध्येच सोक पिट (सांडपाणी जिरवायचा खड्डा). बिया आहेत. खड्डा केवढा काढू? आणि पावसात झाड आडवं होऊ नये म्हणून काय करू?

रानवट: १५ फुटांत गुलमोहर नकोच. त्याची मुळं वरच्यावर पसरतात, फरशी उचलतात, सोक पिटात शिरतात. लाकूडही ठिसूळ. घरापासून निदान ३० फूट सोडा. पुढे ताम्हण लावा: मेच्या सुमारास जांभळा फुलोरा, मूळचं ओहोळाकाठचं झाड, आपला पाऊस त्याला मानवतो. फक्त सावलीला वेळ लागेल.

माडवाला: मागे कुंपणाकडे ४० फूट आहेत. गुलमोहर तिथे चालेल?

रानवट: चालेल, वीजवाहिनी वरून जात नसेल तर.

कुदळ-पहार: खड्डा ३ × ३ × ३ फूट, मेमध्येच. पण खरी गोम तळाशी असते. कातळ लागला तर खड्ड्याची विहीर होते, जूनमध्ये पाणी तुंबून मुळं कुजतात. पहारीने तळ फोडा, उताराच्या बाजूला चर काढा. खणलेल्या मातीत दोन घमेली कुजलेलं शेणखत, अर्धा किलो निंबोळी पेंड. भराव जमिनीपेक्षा चार बोटं उंच ठेवा, पावसात बसतो. युरिया अजिबात नको. फांद्या लांब नि लुसलुशीत सुटतात, पहिल्याच वाऱ्यात मोडतात.

बीजवाली: बियांचं कवच दगडासारखं, तशाच पेरल्या तर महिनोन् महिने हलत नाहीत. पाणी उकळून खाली उतरवा, मग त्यात बिया टाकून २४ तास ठेवा. फुगून टपोऱ्या झालेल्या तेवढ्याच पेरा; ज्या तशाच राहिल्या त्या बाजूने पॉलिश पेपरवर घासून पुन्हा भिजवा. पिशवी उंच घ्या नि रोप वेळेत जमिनीत लावा. पिशवीत गुंडाळलेलं सोटमूळ पुढे सरळ होत नाही; तेच झाड वादळात मुळासकट उपटतं.

कुदळ-पहार: दोन बाजूंना दोन खुंट, सुंभ इंग्रजी आठच्या आकड्यासारखं सैल बांधा. वर्षाने सोडायला विसरू नका, साल कापते. शेंडा दुबेळका झाला तर एकच ठेवा, दुसरा फेब्रुवारीत काढा. दोन सारख्या खोडांचा सांधा पुढे वाऱ्यात उभा चिरतो. पावसात छाटणी नको, कापात बुरशी शिरते. उन्हाळ्यात आळ्यात नारळाची सोडणं पालथी पसरा, खोडापासून वीतभर लांब. खोडाला टेकली की वाळवी चढते.