‘प्रकल्पग्रस्त’ की ‘प्रकल्पबाधित’?

कुहीवाला: मामाचं गाव गोसेखुर्द धरणाच्या बुडितात गेलं. त्यांच्या दाखल्यावर ‘प्रकल्पग्रस्त’ आहे, १९९९ च्या पुनर्वसन कायद्याच्या नावात मात्र ‘प्रकल्पबाधित’. दोन्ही एकच का? मामा म्हणतात, “बाधित म्हणजे? आमाले काय भूत लागलं?”

तिथीवार: मामांचा कान बरोबर आहे. भूतबाधेतली ‘बाधा’ तीच. ‘ग्रस्त’ वेगळा. ग्रस् म्हणजे गिळणं, ग्रास म्हणजे घास. पंचांगात ग्रस्तोदित, ग्रस्तास्त वाचलं असेल. राहूने गिळलेलाच चंद्र उगवतो किंवा मावळतो. म्हणून ‘धरणग्रस्त’ म्हटलं की गिळणारं तोंड दिसतंच. ‘विस्थापित’मध्ये ते दिसत नाही, माणूस जणू आपोआप सरकला. ग्रहण सुटतं त्याला पंचांगात ‘मोक्ष’ म्हणतात. धरणाच्या मोक्षाची वेळ कोणी छापत नाही, ते सोडा.

दोरी-साप: ‘बाधित’ला दर्शनशास्त्रातही एक अर्थ आहे आणि तो जरा भीतीदायक आहे. अंधारात दोरी साप वाटते. दिवा आणला की सापाचं ज्ञान ‘बाधित’ होतं. साप पळून गेला असं वेदान्ती म्हणत नाही, तो नव्हताच म्हणतो. आता ‘बाधित गाव’ पुन्हा वाचून बघा. कायदा लिहिणाऱ्यांच्या मनात हे नव्हतं हे उघड आहे, तिथे बाधा म्हणजे नुसती झळ. पण शब्द जुनं सामान टाकून येत नाहीत.

नागनदीकाठ: सापावरून आठवलं. खांडववन जळालं तेव्हा नागराज तक्षक तिथे नव्हता म्हणून वाचला, असं महाभारत सांगतं. बाबासाहेबांनी १५ ऑक्टोबर १९५६ ला इथल्याच, नागपूरच्या भाषणात नागांना जाळल्याच्या पुराणातल्या दाखल्यांकडे बोट दाखवलं. अगस्तीने वाचवलेल्या एका नागाचे आपण वंशज, म्हणून धर्मांतरासाठी नागपूर निवडलं. कथा तीच, फक्त जळणाऱ्यांच्या बाजूने सांगितलेली. ‘मिथक’ म्हणजे ‘खोटी गोष्ट’ असं लिहिणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

जागनाथ_बुधवारी: मग आपल्या नागपूरच्या मिरवणुकीतलं बाहुलं, मारबत, कशी राहिली बाप्पा? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ ओरडतो ना आपण. काळी मारबत १८८१ पासूनची. सोबत बडगे म्हणजे पुतळे, त्यांच्या गळ्यात पाट्या, महागाईपासून पुढाऱ्यांपर्यंत. पीडा लागलेल्यानेच पीडेचं बाहुलं बनवायचं, वाजवत न्यायचं अन् जाळायचं. व्याकरणात हे कुठे बसतं माहीत नाही.

तिथीवार: कर्तरी प्रयोगात. 🙂

कुहीवाला: मामांना सगळं वाचून दाखवलं. ‘ग्रस्त’ चालेल म्हणाले. पण आपसात बोलताना ते दोन्ही शब्द वापरत नाहीत. म्हणतात, “आमचं गाव रिठी झालं.”

दोरी-साप: ‘रिठी’ विदर्भाबाहेरच्यांना कळणार नाही, सांगा ना.

कुहीवाला: महसुली कागदात गावाचं नाव असते, शिव असते, पण राहणारं कोणी नसते. ते रिठी. मामाच्या गावच्या शिवेवर आता पाणी आहे.