मदत हवी आहे: सभासदांच्या सोलरसाठी १२ लाखांचा निधी, वाटपाचा हिशेब कसा ठेवावा? (कोल्हापूर)

पेठकर:
नमस्कार मंडळी. आमच्या नोकरदारांच्या पतसंस्थेनं वार्षिक सभेत नफ्यातून १२ लाखांचा सौर सहाय्य निधी काढलाय. सभासदाच्या घरावर सोलर बसलं की किलोवॅटला ४,००० रुपये, जास्तीत जास्त ३ किलोवॅट, म्हणजे १२,०००. केंद्राच्या पीएम सूर्यघर या छतावरच्या सोलर योजनेचं अनुदान मिळतं ते वेगळं. सगळ्यांनी पूर्ण मदत घेतली तर १०० घरं होतात, अर्ज आलेत १६०. मंजुरी कुणाला आणि किती द्यायची? पैसे कोणत्या टप्प्यावर सोडायचे? शिवाय काही सभासद म्हणतात, केंद्राचे ७८,००० येईपर्यंत संस्थेनंच उचल द्यावी. ती याच निधीतून दिली तर चालेल का?

हिशेबनीस:
पहिल्यांदा एक करा, बँकेतली शिल्लक बघून मंजुरी देणं बंद. वहीत तीन रकाने पाडा: राखीव, अदा, मोकळी. समजा २५ घरांना पैसे दिले, म्हणजे ३ लाख गेले. ४० घरांना मंजुरीपत्र दिलंय पण काम चालू आहे, म्हणजे ४,८०,००० राखीव. खात्यात ९ लाख दिसतील आणि कुणीतरी म्हणेल अजून ७५ घरं बसतात. मोकळे फक्त ४,२०,००० आहेत, म्हणजे ३५ घरं. घोळ होतो तो इथंच, कारण मंजुरी एका टेबलावर होते आणि चेक दुसऱ्या टेबलावर निघतो. मंजुरीपत्राचा नंबर टाकल्याशिवाय चेक लिहायचा नाही.

अर्जांचा क्रम पूर्ण कागदांच्या तारखेनं लावा, नुसत्या अर्जाच्या तारखेनं नको. नाहीतर कोरे फॉर्म टाकून जागा धरल्या जातात. उरलेल्यांची प्रतीक्षायादी नोटीस बोर्डावर लावा. मोकळ्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त मंजूर करू नका, 'कोणीतरी गळेलच' असं धरून तर अजिबात नको. ठरावात 'तरतूद संपेपर्यंत' हे शब्द हवेतच.

राखीव रकमेला १२० दिवसांची मुदत ठेवा. पण आपल्याकडचा पाऊस विसरू नका. जून ते सप्टेंबर कौलांवर आणि ओल्या स्लॅबवर माणूस चढत नाही, स्ट्रक्चरच्या पायाचं काँक्रीटही पावसात नीट टाकता येत नाही. १५ मेनंतरच्या मंजुरीला ६० दिवस जादा द्या, तेही वेंडरचा करार आणि ॲडव्हान्सची पावती बघून. मुदत संपली की रक्कम त्याच दिवशी मोकळ्या रकान्यात आणि यादीतल्या पुढच्याला पत्र.

सौरमित्र:
पैसे पॅनेल बसल्यावर सोडू नका. नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली वीज दोन्ही मोजणारा) लागून सूर्यघरच्या पोर्टलवर कमिशनिंग सर्टिफिकेट, म्हणजे यंत्रणा चालू झाल्याचा दाखला, आलं की मगच. पॅनेल चढवून नेट मीटरवाचून पडलेली घरं असतात, तिथली वीज हिशेबात येत नाही आणि केंद्राचं अनुदानही सुटत नाही.

क्षमता मोजताना पॅनेल आणि इन्व्हर्टर यांत जे कमी ते धरा. ५४० वॅटचे ५ पॅनेल म्हणजे २.७ किलोवॅट. इन्व्हर्टर ३.३ चा असला तरी मदत २.७ वरच, १०,८०० रुपये. सहा पॅनेल ३.२४ होतात, पण इन्व्हर्टर ३ चा असेल तर ३ च. कोटेशनवरचा आकडा घेऊ नका, पॅनेलच्या सिरियल नंबरांचा फोटो मागा. पॅनेलमधले सेलसुद्धा भारतीय बनावटीचे हवेत, म्हणजे डीसीआर. त्याशिवाय केंद्राचं अनुदान नाही. बिगर डीसीआर स्वस्त पडतात म्हणून सभासद फसतात.

आणि नावं. शिवाजी पेठ, मंगळवार पेठेतल्या जुन्या घरांत बिल अजून आजोबांच्या नावावर असतं. महावितरणकडं आधी नाव बदलून घ्या, थकबाकी भरा. बिलावरचं आणि बँक खात्यावरचं नाव जुळलं नाही तर अनुदान अडकतं. मंजुरीआधी १२ आकडी ग्राहक क्रमांकाचं ताजं बिल फाईलला लावा, निम्मी डोकेदुखी तिथंच संपते.

पेठकर:
फार उपयोगी पडलं. उचलीचं काय?

हिशेबनीस:
या निधीतून नको. उचल परत येते, मदत परत येत नाही. दोन्ही एका खात्यात आली की मोकळी रक्कम किती हे कुणालाच सांगता येत नाही. उचल कर्ज म्हणूनच द्या, कर्जाच्या पोटनियमानुसार, जामीन घेऊन. केंद्राची रक्कम ग्राहकाच्या बँक खात्यात थेट जमा होते (२ किलोवॅटपर्यंत किलोवॅटमागं ३०,०००, तिसऱ्याला १८,०००). संस्थेला ती मधे धरता येत नाही. म्हणून वसुलीसाठी पगारकपातीचं संमतीपत्र घ्या आणि उचलीच्या मुदतीत दोन-तीन महिने जास्त धरा.

३१ मार्चला राखीव रक्कम नफ्यात उलटी फिरवू नका. नफावाटणीतून वेगळा काढलेला निधी आहे, तसाच पुढच्या वर्षी ओढा. सोबत राखीव घरांची यादी लेखापरीक्षकासाठी तयार ठेवा, मंजुरीपत्राचा नंबर आणि मुदतीची तारीख टाकून.

सौरमित्र:
अजून एक अट टाका. व्हीनस कॉर्नर, शाहूपुरी कुंभार गल्ली अशा सखल भागात इन्व्हर्टर पार्किंगच्या भिंतीवर नको. २०१९ च्या महापुराचं पाणी जिथवर चढलं होतं त्याच्या वर, शक्यतो जिन्याच्या डोक्यावर सावलीत. पाहणीच्या फॉर्मवर हा रकाना वेगळा ठेवा.

पेठकर:
फॉर्मात टाकतो. तीन रकान्यांचा तक्ता सोमवारच्या संचालक मंडळापुढं ठेवतोय.