मदत हवी आहे: मोजणी झाली, पण निकाल अजून ‘अनऑफिशियल’च?

त्रस्त_दीर: आमच्या वहिनी इथे अमेरिकेत स्कूल बोर्डाला (शाळांचा कारभार बघणारं मंडळ) उभ्या होत्या. मंगळवारी रात्री नऊ मतांनी पुढे. आज सोमवार, तरी साइटवर ‘अनऑफिशियल’. वर आघाडी सातवर आली! विजयाच्या पार्टीला शनिवारचा हॉल बुक करायचाय, पटकन सांगा.

सातारकर: आपल्याकडे भारतात मोजणीच्याच संध्याकाळी निवडणूक निर्णय अधिकारी प्रमाणपत्र हातात देतो. गुलाल उधळून मोकळे.

माई_लिव्होनिया: राज्य कुठलं, काउंटी (जिल्हा) कुठली?

त्रस्त_दीर: ओकलंड. लिहिलं नव्हतं का?

बे_एरिया_बंड्या: मग महिना धरा. इथे कॅलिफोर्नियात 30 दिवस लागतात, 1 टक्का प्रिसिंक्टची (मतदान विभागांची) हाताने फेरमोजणी होते. पण ओकलंड शहर अलामेडा काउंटीत येतं हो.

त्रस्त_दीर: मिशिगनचं ओकलंड!!

माई_लिव्होनिया: हे आधी सांगायचं. मिशिगनात निकाल तपासून मंजूर करणारं काउंटीचं कॅनव्हासर्स बोर्ड असतं, चार जण, दोन्ही मोठ्या पक्षांचे दोन-दोन. सगळी मतं पुन्हा मोजत नाहीत. पोलबुकातली (मत देऊन गेलेल्यांच्या नोंदवहीतली) नावं आणि मतपत्रिका जुळतात का ते बघतात. जुळलं नाही तर कारण शोधायचं. मुदत 14 दिवस. प्रोव्हिजनल मतदारांना (ज्यांचं मत पडताळणीसाठी बाजूला ठेवलंय) पुरावा दाखवायला सहा दिवस असतात, परदेशातल्या सैनिकांची टपाली मतंही तोवर येतात. आकडा हलणारच.

सातारकर: ईव्हीएम असतं तर ही वेळच आली नसती.

बे_एरिया_बंड्या: तिथेही प्रत्येक विधानसभा क्षेत्रात पाच व्हीव्हीपॅट यंत्रांतल्या कागदी चिठ्ठ्या मोजतातच ना?

सातारकर: ते काही तासांचं काम. इथे चौघांतले दोघे अडून बसले की संपलं. 2020 ला मिशिगनच्याच वेन काउंटीत झालंच होतं.

माई_लिव्होनिया: अडले, आणि त्याच रात्री सही केली. 2024 च्या मे महिन्यात डेल्टा काउंटीतही तेच: दोघांचा नकार, राज्याचं खरमरीत पत्र, मग मंजुरी. मिशिगनच्या 2022 च्या घटनादुरुस्तीनंतर आकड्यांवर शिक्का मारणं हे कर्तव्य आहे, मर्जी नाही. मुदतीत झालं नाही तर राज्याचं बोर्ड करतं, खर्च काउंटीच्या माथी.

H1बी_हताश: ग्रीन कार्डवर मतदान करता येतं का?

माई_लिव्होनिया: नाही. नवा धागा काढा.

त्रस्त_दीर: आणि बरोबरी झाली तर?

माई_लिव्होनिया: चिठ्ठ्या. एकीवर ‘निवडून आले’, दुसरीवर ‘नाही’. बोर्डाची बैठक सगळ्यांना खुली असते, जाऊन बसा. हॉल त्यापुढच्या शनिवारचा घ्या.

सातारकर: केटरर ठरलाय का? ट्रॉयमधला एक जण मिसळ झकास करतो.